डोलकाठीचं बूड

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या जुन्या घराची सागवानी चौकट मी दर पावसाळ्यानंतर खालून तपासतो. वरचं लाकूड ठणठणीत असतं. कुजतात ती फरशीला टेकलेली चार बोटं. लाकडाच्या उभ्या तंतूंची तोंडं तिथे उघडी असतात आणि वातीनं तेल ओढावं तसं ती पाणी ओढतात. कोकणातल्या शिडाच्या होडीची डोलकाठीही अशीच बुडातून जाते. तिचा वैरी समुद्र नाही, पाऊस आहे.

खारट पाण्यात कुजवणाऱ्या बुरशीचं फारसं चालत नाही. पावसाचं गोड पाणी मात्र डोलकाठीवरून ओघळत खाली खोबणीत साचतं. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो. काथ्याच्या दोराचंही तसंच: खाऱ्या पाण्यात तो तग धरतो, गोड्या पाण्यात लवकर कुजतो. म्हणून आगोटीआधी होडी किनाऱ्यावर ओढून शाकारायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात लोटायची. पावसाळ्यापूर्वी आरमार किल्ल्याच्या आसऱ्यानं छावणीला ठेवावं, हे मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आहे. डोलाच्या काठ्यांसाठी सागवान तोडायचं तेही परवानगीनं, अशी त्यात ताकीद आहे. सरळ, लांब, गाठी नसलेलं खोड तेव्हाही सहज मिळत नसावं.

होडी किनाऱ्यावर आली की डोलकाठी उतरवायची, ती वारा पडलेल्या वेळी. आधी शीड आणि त्याची तिरकी काठी खाली घ्यायची. प्रत्येक दोर सोडण्यापूर्वी त्याच्या जागेवर चिंधी बांधून खूण करायची, नाहीतर दोन महिन्यांनी कोणता दोर कुठला हे कोणालाच आठवत नाही. ताणाचे दोर एकदम सैल करायचे नाहीत; एका बाजूनं माणसं धरून असतात, दुसऱ्या बाजूनं हळूहळू ढील देतात. काठी आडवी झाली की सावलीत, जमिनीपासून वर, चार-पाच टेकूंवर ठेवायची. दोनच टेकू दिले तर ती मधे वाकते, आणि एकदा बसलेला बाक सहसा जात नाही.

मग तपासणी. लाकडी हातोडीनं ठोकत जायचं. आवाज बोदा आला तिथे सुरीचं टोक रुतवून पाहायचं. बूड, दोर घासतात त्या जागा आणि लोखंडी पट्ट्यांची खालची बाजू आधी पाहायची. लांबीच्या दिशेनं पडलेल्या बारीक चिरा बहुधा वाळण्याच्या असतात, त्यांची धास्ती नको. त्यांत कडक पुट्टी मात्र भरू नये. लाकूड फुगलं की तीच पाचरीसारखी चीर वाढवते. आडवी चीर दिसली तर त्या काठीवर शीड चढवू नये, ती कितीही जुनी, कितीही लाडकी असो.

लाकूड पूर्ण सुकल्यावर तेल. किनाऱ्यावर माशाचं तेल वापरत आले. आपल्या विदर्भातल्या जवसाचं उकळलेलं तेलही चालतं. तेलात भिजलेले बोळे मात्र ढीग करून ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. बुडाला तेल पुन्हा पुन्हा द्यायचं, लाकूड पिणं थांबवेपर्यंत. यंदा मी चौकटीलाही तसंच दिलं. चौथ्या हाताला तेल वर राहिलं.