वेदीपाशी जन्मलेले नाटक

युरोपातील चर्च आणि रंगभूमी यांचे नाते निव्वळ वैराचे होते, असा एक समज रूढ आहे. तो अगदीच निराधार नाही. इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियनने नाट्यादी खेळांवर कठोर प्रहार केले आणि ३१४ साली आर्ल येथील धर्मपरिषदेने नटांना धर्मसमाजाबाहेर ठेवले. परंतु चर्चने दाराबाहेर घालविलेले नाटक पुढे चर्चच्याच वेदीपाशी पुन्हा जन्मास आले, हा इतिहास आम्हांला अधिक उद्बोधक वाटतो.

विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांनी ९७० च्या सुमारास मठांसाठी जी नियमावली सिद्ध केली, तीत ईस्टरच्या उपासनेचा एक विधी आहे. शुभ्र वस्त्र ल्यालेला एक साधू देवदूत होऊन थडग्यापाशी बसतो. दुसरे तिघे हाती धूपपात्रे घेऊन, ख्रिस्ताचा देह शोधणाऱ्या स्त्रियांच्या भूमिकेत येतात. तो विचारतो, ते उत्तर देतात. वेष, संवाद, अभिनय. नाटकाला याहून निराळे काय लागते?

पुढील काही शतकांत हे नाटक लॅटिन सोडून लोकभाषेत व चर्च सोडून रस्त्यावर आले. इंग्लंडमधील यॉर्क शहरात कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला ते चाकांच्या रंगमंचांवरून नगरभर फिरे. त्याचे ४७-४८ भाग आजही उपलब्ध आहेत. जहाजबांधणी करणाऱ्यांनी नोहाची नौका उभारावी, पाव भाजणाऱ्यांनी ख्रिस्ताचे अखेरचे भोजन मांडावे, अशी कामाची वाटणी असे. खर्च कारागीर-संघांचा आणि नटही बहुधा हौशी. तरी १४७६ साली नगरसभेने नटांची पारख करून अपात्रांना वगळण्याचा दंडक घातला. भक्ती होती म्हणून कलेत ढिलाई खपत नव्हती!

मग हे नाटक संपले कसे? १५४८ साली कॅथलिक पॅरिसच्या न्यायपीठाने तेथील धार्मिक नाटकांवर बंदी घातली. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये यॉर्कचा खेळ १५६९ नंतर थांबला आणि १५७६ साली वेकफील्डच्या नाटकात ईश्वराला रंगमंचावर आणण्यास धर्माधिकाऱ्यांनी मनाई केली. परस्परांचे हाडवैरी असलेले दोन्ही पंथ या एका बाबतीत मात्र एकाच वाटेने गेले.

यॉर्कमध्ये ही नाटके १९५१ साली पुन्हा उभी राहिली, ती संहिता जपली गेली होती म्हणून. सत्तेचा आश्रय कलेला वाढवितो. पण तिला अभय देतोच असे नाही, हाच त्यातील बोध होय.