काटापावती जपता, मग खुर्चीची पावती कुठे?



उसाची गाडी काट्यावर गेली की काटापावती हातात येईपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. ती पावती आपण पत्र्याच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे, कुठे कुठे जपून ठेवतो. वजनात फरक वाटला तर तीच पावती घेऊन गट ऑफिसात उभे राहतो. पण तेच आपण दारासाठी खुर्च्या, झोपाळा नाहीतर बाकडे घेतो तेव्हा पावती मागायचे काही सुचत नाही. या गोष्टीची ठेच आम्ही स्वतः खाल्ली आहे, म्हणून हा लेख.

दोन वर्षांमागे सांगवीत कर्ण्यावर ओरडत एक टेम्पो आला. "ऊन-पाऊस काही होणार नाही, पाच वर्षे बघायचं काम नाही!" स्वस्त वाटल्या, म्हणून आम्ही सहा प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या. पावती नाही, कंपनीचे नाव नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात खुर्च्यांचा रंग उडाला. हात फिरवला की पांढरी भुकटी लागायची. आणि एके सकाळी वडील चहा घेत बसले असताना मागचा पाय काडकन मोडला. वडील हातावर पडले, मनगटाचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च खुर्च्यांच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. टेम्पोवाल्याला शोधायचे कुठे? त्याचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते.

वस्तू का टिकत नाही?

आपला मुलूख पर्जन्यछायेचा. पावसापेक्षा ऊनच इथे वस्तूचा जास्त घास घेते. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते प्लास्टिकचे आतले धागे तोडतात. आधी रंग जातो, मग भुकटी सुटते, मग केसासारख्या भेगा पडतात, आणि शेवटी वस्तू न वाकता एकदम तुटते. हे किरण सोसावेत म्हणून चांगला कारखानदार प्लास्टिकमध्ये वेगळे रसायन घालतो. खर्च वाचवायचा असेल तर ते घालत नाहीत, उलट भंगारातले प्लास्टिक आणि खडूची पूड मिसळतात. नवेपणी दोन्ही खुर्च्या सारख्याच चकचकीत दिसतात. फरक ऊनच दाखवते.

लोखंडाचे तसेच. गंजावरच रंग मारला तर रंगाखाली गंज चालूच राहतो. पोकळ पाइपची तोंडे उघडी असली तर आत पाणी साचून पाइप आतून कुजतो. सागाचा गाभा उघड्यावर टिकतो, पण बाहेरच्या पांढरट लाकडाला कीड आणि वाळवी लवकर लागते. विकताना मात्र सगळेच "साग" म्हणून विकतात. घरातल्या कपाटाचे साधे प्लायवूड अंगणात ठेवले तर पावसात त्याचे पदर सुटतात. पाण्यासाठीच्या मरीन प्लायवूडवर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा छाप असतो, तो बघून घ्यावा.

कायदा काय म्हणतो?

ग्राहकांची चळवळ आपल्या जिल्ह्याला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे आणि तो २० जुलै २०२० पासून लागू आहे.

या कायद्यात 'दोष' म्हणजे नुसती मोडतोड नव्हे. विकणाऱ्याने जो दर्जा सांगितला त्यात उणीव निघाली, तरी तो दोषच. म्हणजे "उन्हापावसात ठेवा" असे सांगून विकलेली खुर्ची उन्हानेच मोडली, तर "ऊन फार होतं, आम्ही काय करणार?" हे उत्तर चालत नाही. ऊन सोसणे हेच तर तिचे काम! मात्र घरात वापरायची म्हणून विकलेली वस्तू आपणच अंगणात टाकली, किंवा खुर्चीवर खुर्ची रचून त्यावर चढून आंबे काढले, तर दोष आपला. दहा वर्षे वापरून वस्तू झिजली तर तोही दोष नव्हे. हे आपणही प्रामाणिकपणे मानले पाहिजे.

मागूनही पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा. पावतीच्या तळाशी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापलेले असते. ते वाचून सदोष माल घेऊन मुकाट्याने घरी येऊ नये.

सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली, तर नुसती खुर्चीची किंमत नव्हे, इजेची भरपाईही मागता येते. बनवणाऱ्याचा पत्ता लागत नसेल तर विकणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. पण त्यासाठी विकणारा कोण हे तरी माहीत पाहिजे ना! आमचे घोडे तिथेच अडले.

तक्रार कशी करावी?

पहिली गोष्ट, मोडलेली वस्तू भंगारवाल्याला देऊ नका. तोच पुरावा. गरज पडली तर आयोग ती तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतो. फोटो काढा, दवाखान्याची बिले जपा. बियाण्यांच्या एका खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानले आणि तपासणीसाठी बी शिल्लक ठेवायची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही असे म्हटले. बी पेरले की मातीत जाते, खुर्चीचे तसे नाही. तिचे तुकडे आपल्याच दारात असतात.

दुसरी गोष्ट, दुकानदाराला लेखी कळवा. पत्र साधे असावे. नमुना असा:

"आपल्या दुकानातून अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या पावतीने अमुक वस्तू घेतली. ती उघड्यावर वापरण्यास योग्य आहे असे आपण सांगितले होते. अमुक तारखेस ती अशा प्रकारे खराब झाली. सोबत पावतीची प्रत व फोटो जोडले आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत वस्तू बदलून द्यावी अथवा रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुष्कळ भांडणे इथेच मिटतात.

तिसरी गोष्ट, नाहीच मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. ५ लाखांपर्यंत फी एक रुपयाही नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. दुकान मुंबईत असो नाहीतर माल मोबाईलवरून मागवलेला असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याला तक्रार करता येते. जायचे नसेल तर सरकारच्या ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येते. घरातल्या शिकणाऱ्या पोरांना हे सहज जमेल. आयोग वस्तू दुरुस्त करून, बदलून किंवा रक्कम परत करून द्यायचा हुकूम देऊ शकतो, भरपाईही देऊ शकतो. एकाच विक्रेत्याने गावातल्या वीस घरांना फसवले असेल, तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार चालते.

मुदत मात्र विसरू नका. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. दुकानदार "आज बघतो, उद्या बघतो" म्हणत राहिला तरी मुदत थांबत नाही.

लग्नाकार्यात खुर्च्या भाड्याने देणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. मोठ्या धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही. पण केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून धंदा करणाऱ्याला तो लागतो.

घेतानाच काय पाहावे?

दुकानाचे नाव-पत्ता असलेली छापील पावती घ्या. तिच्यावर वस्तूचे नाव, कंपनी, हमीची मुदत आणि "उघड्यावर वापरण्यास योग्य" हे शब्द दुकानदाराकडून लिहून घ्या. लिहायला तो का-कू करू लागला, तर त्याच्या तोंडी हमीची किंमत तिथेच कळते. चार पैसे स्वस्त मिळते म्हणून बिनपावतीचा माल घेऊ नका.

वडिलांचा हात आता बरा आहे. पण वजनाची बादली अजून त्या हाताने उचलवत नाही. उरलेल्या पाच खुर्च्या आम्ही वापरातून काढल्या. सभासदांनो, आपल्या दारातल्या खुर्च्यांवरूनही आज एकदा हात फिरवून बघा. पांढरी भुकटी लागली, तर त्या खुर्चीवर म्हाताऱ्या माणसाला आणि लेकराला बसू देऊ नका. आणि पुढची खुर्ची घ्याल तेव्हा तिची पावती काटापावतीच्याच डब्यात ठेवा.