विषाणूरोधक औषधांचे दुष्परिणाम : धुळे जिल्ह्याच्या संदर्भात एचआयव्ही उपचारांचा विचार

प्रास्ताविक :
विषाणू स्वतंत्रपणे वाढू शकत नाही. त्यासाठी तो मानवी पेशीचीच यंत्रणा वापरतो. त्यामुळे त्यास रोखणारे औषध अनेकदा पेशीच्या कार्यातही अडथळा आणते. प्रस्तुत लेखात एचआयव्हीवरील औषधांच्या दुष्परिणामांचा विचार धुळे जिल्ह्याच्या अनुषंगाने केला आहे.

भारतात शासनामार्फत मोफत उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले. त्या काळी स्टॅव्ह्युडिन किंवा झिडोव्ह्युडिन यांपैकी एक औषध, त्यासोबत लॅमिव्ह्युडिन व नेव्हिरॅपिन अशी त्रयी सामान्यतः दिली जात असे. यांपैकी झिडोव्ह्युडिन अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती मंदावते. शिरपूर व साक्री या आदिवासीबहुल तालुक्यांत सिकलसेलचा आनुवंशिक दोष आढळतो, स्त्रियांमधील रक्तक्षय तर सर्वत्रच आहे. अशा रुग्णास झिडोव्ह्युडिन देणे धोक्याचे, म्हणून स्टॅव्ह्युडिन.

परंतु स्टॅव्ह्युडिनची किंमत वेगळी होती. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांच्या डीएनएची निर्मिती ते रोखते. परिणामी हातापायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, क्वचित रक्तातील लॅक्टिक आम्ल घातक पातळीपर्यंत वाढते. गालांवरील चरबी झडून चेहरा खोल जातो तो निराळाच. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा दुष्परिणाम प्राणघातक नव्हे. पण ज्या रुग्णाने आपला आजार शेजाऱ्यांपासूनच नव्हे, तर घरच्यांपासूनही लपविलेला असतो, त्याला तो सर्वांत असह्य वाटणे स्वाभाविक होते.

असा रुग्ण परस्पर गोळ्या थांबवतो, आणि खरा धोका येथे उद्भवतो. तिन्ही औषधे एकाच दिवशी बंद केली तरी नेव्हिरॅपिन शरीरात अधिक काळ रेंगाळते. त्या दिवसांत विषाणूला एकट्या औषधाशी सामना करावा लागतो व त्यातून औषधास न जुमानणारे विषाणू निपजतात. दुष्परिणाम सांगितला असता औषध बदलता आले असते. न सांगितल्याने औषधच निकामी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्टॅव्ह्युडिनचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. पुढे प्रचारात आलेल्या एफाव्हिरेन्झने चक्कर व विचित्र स्वप्ने पडत, म्हणून ते झोपण्यापूर्वी घ्यावयाचे असे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग जेथे मिळतात त्या धुळ्यात रात्रभर ट्रक चालविणाऱ्याने ही सूचना पाळावी कशी, हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

२०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅव्हिर यांच्या संयुक्त गोळीस प्रथम पसंती आहे. ती तुलनेने सुसह्य असली तरी टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडाच्या कार्यावर लक्ष ठेवावे लागते, तर डोल्युटेग्रॅव्हिरने वजन वाढू शकते, झोप बिघडू शकते. शिवाय उपाशीपोटी लोहाच्या गोळीसोबत घेतल्यास डोल्युटेग्रॅव्हिर लोहाशी बांधले जाऊन त्याचे शोषण घटते. रक्तक्षयासाठी लोह घेणाऱ्या स्त्रीने म्हणूनच दोन्ही गोळ्या जेवणासोबत घ्याव्यात, किंवा डोल्युटेग्रॅव्हिर लोहाच्या दोन तास आधी अथवा सहा तासांनंतर घ्यावे.