अतिदक्षता विभागाच्या दाराशी सही कोणाची?

‘रुग्ण आणि कायदा’ : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आपण मृत्युपत्राचा विचार केला, आणि त्यात तेल्हाऱ्याच्या वाचकांस फारसे नवे काही सांगावे लागले नाही. सातबाऱ्यावर वारसांची नावे चढविण्यासाठी ज्याने तलाठ्याकडे खेटे घातले आहेत, त्यास दस्त, साक्षीदार आणि दुय्यम निबंधक यांची ओळख करून देण्याची गरज नसते. परंतु मृत्युपत्राचा अंमल डोळे मिटल्यावर सुरू होतो. श्वास चालू आहे, शुद्ध मात्र हरपलेली आहे, अशा मधल्या अवस्थेत देहावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते थांबावेत, हे ठरविण्याचा अखत्यार कोणाचा, या प्रश्नास ते स्पर्शही करीत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल कसा लागतो, हे तालुक्यात कोणास ठाऊक नाही? ग्रामीण रुग्णालयातून रुग्ण अकोल्यास हलविला जातो, तेथे त्यास श्वसनयंत्रावर ठेवले जाते, बिलाचा आकडा रोज चढत जातो, आणि डॉक्टरांनी आशा नसल्याचे सूचित केल्यावर बाहेरच्या बाकावरील मंडळी म्हणतात, “मोठ्या पोराले येऊ द्या, मंग पाहू.” मोठा पोरगा पुण्याहून येतो, तोवर रात्र उलटलेली असते, आणि मग ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहोत’ अशा मजकुराच्या छापील कागदावर, त्या घटकेस जो कोणी टेबलाशी उभा असेल, त्याची सही घेतली जाते. खारपाणपट्ट्यातील आपल्या गावांत मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे. डायलिसिसच्या प्रत्येक फेरीस जी पत्नी नवऱ्यासोबत एसटीने गेली, जिने पाण्याचा घोट न् घोट मोजून दिला, तिचे मत मात्र त्या वेळी कोणी विचारीत नाही. हा अन्याय क्रूरपणातून घडतो असे नव्हे. घरात बोलण्याचा मान कोणाचा, हे पिढ्यान् पिढ्या ठरून गेलेले असते, एवढेच.

कायदा या रूढीस मानीत नाही. रुग्ण सज्ञान व शुद्धीवर असेल, तर संमती त्याचीच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात, भूल दिलेल्या सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली संमतीदेखील ग्राह्य मानली नाही. विनोबांचे उदाहरण तर आपल्या विदर्भातलेच आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न, पाणी व औषध नाकारले, पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः भेटीस आल्या तरी निश्चय ढळू दिला नाही, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. पण विनोबा शुद्धीवर होते, आणि त्यांच्या शब्दास वजन होते.

ज्याची शुद्धच हरपली, त्याच्या वतीने बोलावे कोणी, हा पेच देशापुढे उभा राहिला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यामुळे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने गळ्याभोवती साखळी आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि पुढील जवळजवळ ४२ वर्षे त्या तेथेच खाटेवर होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबविण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने विराणी यांच्या आस्थेची प्रशंसा केली, परंतु अरुणाबाईंचे खरे आप्त म्हणून मान्यता दिली ती केईएमच्या सेवकवर्गास. कारण वर्षानुवर्षे त्यांना भरविले, स्वच्छ ठेवले, कूस बदलून दिली ती त्यांनी, आणि त्यांना अरुणाबाई जगावयास हव्या होत्या. याचिका फेटाळली गेली. अरुणाबाई १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. याचिका फेटाळली तरी निष्क्रिय दयामरणास, म्हणजे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्यास, प्रथमच वाट करून देणारा निकाल म्हणून याची ख्याती झाली. माझ्या मते त्यातील अधिक मोलाची गोष्ट ही, की बोलण्याचा अधिकार न्यायालयाने रक्तावरून न ठरविता सेवेवरून ठरविला.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आणखी पुढे जाऊन, मनुष्याने शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवावी, यास मान्यता दिली. परंतु प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीची अट घातल्याने तो अधिकार बहुतांशी कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी ही अट सैल झाली. आता सज्ञान व शुद्धबुद्धीच्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून दस्त साक्षांकित करून घेतला की पुरे. त्यात आपल्या वतीने निर्णय करणाऱ्या एकाहून अधिक पालकांची वा जवळच्या नातलगांची नावे घालावयाची असतात. ती नावे थोरल्या मुलाचीच असावीत असे कोठेही म्हटलेले नाही. पत्नीचे चालते, हिवरखेडला दिलेल्या लेकीचेही चालते.

दस्ताची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवण्यासाठी द्यावयाची असते. म्हणजे नगरपालिका वा पंचायतीच्या ज्या दप्तरी आपण जन्ममृत्यूच्या दाखल्यासाठी जातो, त्या संस्थेपर्यंत ही जबाबदारी पोहोचली आहे. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावे लागले. गोव्यात तर मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःच असा दस्त नोंदवून पायंडा पाडला.

दस्त झाला म्हणून कोणी उठून यंत्र बंद करीत नाही. रुग्ण बरा होण्याची आशा नाही आणि निर्णयाची क्षमताही उरलेली नाही, असे झाल्यावरच तो उघडावयाचा. मग रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ, त्यावर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असलेले दुसरे मंडळ, दोहोंनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यावे, नेमलेल्या नातलगांची संमती घ्यावी, आणि अंमलापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावे, असा क्रम आहे. मंडळांत मतभेद झाल्यास उच्च न्यायालय आहेच. औषध टोचून प्राण घेणे पूर्वीप्रमाणेच गुन्हा आहे, आणि वेदना शमविण्याचे उपचार शेवटपर्यंत चालू राहतात.

लिहिताना ‘मला मशीनवर ठेवू नका’ एवढीच ओळ पुरत नाही, कारण मजकूर संदिग्ध असेल तर मंडळांनी त्याचा अंमल करू नये असे न्यायालयानेच सांगितले आहे. श्वसनयंत्र, डायलिसिस, नळीवाटे अन्न, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, यांपैकी काय नको आणि कोणत्या अवस्थेत नको, हे आपल्या डॉक्टरांशी बसून स्पष्ट लिहावे. मत बदलले तर दस्त केव्हाही लेखी रद्द करता येतो. दोन दस्त निघाले, तर शेवटच्या सहीचा ग्राह्य धरतात. मेंदू मृत झालेल्या रुग्णाच्या अवयवदानास संमती कोणी द्यावी, हा निराळा कायदा आहे. तो पुढील लेखांकात पाहू.