बेरीज चुकली, पण कुठे?

मुळशी तालुक्यात ताम्हिणी घाटाकडे पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेला पौडकडे येऊ लागलो, की तो कमी होत जातो. याच तालुक्यातील एका शाळेत नववीच्या मुलांनी पर्जन्यमापकाच्या नोंदींसाठी एक वेबपान तयार केले. चौकटींत तीन दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये भरायचा आणि बटण दाबायचे, की बेरीज दिसावी. पण बटण दाबून काहीच होईना. ही चूक आम्ही कशी शोधली, ते पाहू या.

वेबपानाला कामाला लावणारी आज्ञावली जावास्क्रिप्ट या भाषेत लिहितात. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. आज्ञावली अडली, की पान नुसते गप्प बसते. पण ब्राउझर त्याची नोंद ठेवतो. संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ ही कळ दाबली, की 'डेव्हलपर टूल्स' उघडतात. त्यांतील 'कन्सोल' या भागात लाल रंगात संदेश येतो आणि शेजारी ओळीचा क्रमांक असतो.

आमचा संदेश होता, 'पाउस इज नॉट डिफाइन्ड'. म्हणजे 'पाउस' नावाचे काही मला माहीत नाही. या भाषेत चलांना देवनागरी नावे देता येतात. मुलांनी वर 'पाऊस' लिहिले होते आणि खाली 'पाउस'. ऱ्हस्व-दीर्घाची चूक! ती लगेच सुधारली.

आता ८४, ११२ आणि ६५ यांची बेरीज आली ०८४११२६५! या वेळी लाल संदेश नव्हता. मग 'सोर्सेस' या भागात बेरजेच्या ओळीच्या क्रमांकावर टिचकी मारली. त्यामुळे आज्ञावली त्या ओळीपाशी थांबते आणि प्रत्येक चलाची त्या क्षणीची किंमत दाखवते. तिथे ८४ हा आकडा अवतरणचिन्हांत दिसला. मजकुराच्या चौकटीत टाइप केलेले सारे ब्राउझर अक्षरे म्हणून देतो. आणि अक्षरे असली, की अधिकचे चिन्ह बेरीज करत नाही, ती एकापुढे एक जोडते. सुरुवातीचे शून्यही तसेच जोडले गेले. 'नंबर' या आज्ञेने अक्षरांची संख्या केली आणि २६१ हे उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी बेरजेच्या जागी 'नॅन' उमटले, म्हणजे 'ही संख्या नव्हे'. एका मुलीने आपली नोंद देवनागरी आकड्यांत टाइप केली होती; बाकीच्या इंग्रजी आकड्यांत होत्या. आपल्याला दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र इंग्रजी शून्य ते नऊ म्हणजे ४८ ते ५७ हे संकेतांक, तर देवनागरी शून्य ते नऊ म्हणजे २४०६ ते २४१५. 'नंबर' ही आज्ञा त्यांतील पहिलेच दहा ओळखते, आणि बेरजेत एक 'नॅन' शिरला, की सारी बेरीज 'नॅन' होते.

एकजण म्हणाला, "ती नोंद काढून टाकू या, म्हणजे बेरीज येईल." बेरीज आली असती, पण एका दिवसाचा पाऊस कायमचा हरवला असता. नोंद बरोबर होती; चूक आज्ञावलीत होती. प्रत्येक देवनागरी आकड्याच्या संकेतांकातून २३५८ वजा केले, की तोच इंग्रजी आकडा मिळतो. मुलांनी तेवढी एक ओळ वाढवली.

शिक्षकांनी असे छोटे पान करून त्यात मुद्दाम एक चूक ठेवावी. कन्सोल उघडण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा, मग तो तपासावा. यंत्र कुठे अडले ते कन्सोल सांगतो. का अडले, हे आपणच शोधायचे असते.