पुलाअलीकडचं चर्च

जुरोंग आयलंड हे मुळात एक बेट नव्हतंच. सिंगापूरच्या नैऋत्य किनाऱ्यासमोर सात छोटी बेटं होती आणि त्यांवर कोळ्यांची वस्ती होती. 1995 पासून मधला समुद्र भराव टाकून बुजवायला घेतला, 2009 मध्ये ते काम संपलं आणि सुमारे 3,000 हेक्टरांचं एक सपाट बेट तयार झालं. आज तिथे शंभराहून अधिक तेल आणि रसायन कंपन्या आहेत. मुख्य भूमीशी बेटाला जोडणारा, पुलावरून जाणारा एकच रस्ता आहे. ऑक्टोबर 2001 पासून हे संरक्षित क्षेत्र असल्यामुळे पासशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत, मग तो पर्यटक असो की पाद्री.

स्थलांतर, श्रमाचा मोबदला, हवामानबदल या जगाच्या दुखण्यांवर चर्च बोलत आलं आहे, श्रमाच्या मोबदल्यावर तर सव्वाशेहून अधिक वर्षं. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं, तेव्हा सिंगापूर हे ब्रिटिशांचं एक बंदर होतं. पण परिपत्रकात लिहिणं वेगळं आणि कारखान्याच्या दारात उभं राहणं वेगळं. दारात उभं राहिलेल्या चर्चचं काय होतं, हे जुरोंगइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं.

साठच्या दशकात सिंगापूरनं जुरोंगची दलदल बुजवून औद्योगिक वसाहत उभी केली. गावोगावचे तरुण कामगार तिथल्या सरकारी इमारतींत राहायला आले. दशकाच्या अखेरीस काही प्रॉटेस्टंट पंथांनी मिळून तिथे ‘जुरोंग इंडस्ट्रियल मिशन’ सुरू केलं. मिशनची पद्धत अमेरिकेतल्या शिकागोहून आली होती. सॉल अलिन्स्की या संघटकानं तिथल्या गरीब वस्त्यांना आपल्या तक्रारी स्वतः मांडायला शिकवलं होतं, तोच धडा इथे गिरवला गेला. मिशनचा भर प्रवचनांपेक्षा रहिवाशांच्या बैठकांवर होता. सरकारला हे रुचलं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच मिशन गुंडाळावं लागलं.

पण त्यातली माणसं विखुरली तरी विचार विखुरला नाही. 1980 मध्ये गियोम आरोत्कारेना या फ्रेंच फादरनं सिंगापूरच्या गेलांग भागात कॅथलिक केंद्र उघडलं. मालकानं पासपोर्ट काढून घेतलेली फिलिपिनो मोलकरीण, पगार थकलेला परदेशी मजूर, अशांना तिथे आसरा मिळे. जुरोंगच्या मिशनमध्ये काम केलेले व्हिन्सेंट चेंग पुढे महाधर्मप्रांताच्या न्याय व शांती आयोगाचे सचिव झाले.

21 मे 1987 ला पहाटे त्यांना अटक झाली. त्या दिवशी सोळा जणांना उचललं, पुढच्या महिन्यात आणखी सहा. सरकारचा आरोप होता मार्क्सवादी कटाचा: चर्चच्या आडून राज्य उलथवण्याचा डाव. खटला कुणावरच चालला नाही, कारण अंतर्गत सुरक्षा कायद्याला त्याची गरजच नव्हती. आर्चबिशप ग्रेगरी याँग आधी आपल्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पंतप्रधान ली क्वान यू यांच्या भेटीनंतर मात्र त्यांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. चार फादरांना प्रवचन करण्यास मनाई झाली, गेलांगचं केंद्र बंद पडलं आणि डिसेंबरात आशियाई चर्चांच्या परिषदेचं कार्यालयच देशाबाहेर घालवण्यात आलं. चेंग तीन वर्षांनी सुटले. अटक झालेल्यांनी कटाचा आरोप नाकारला आहे आणि सरकारनं तो आजवर मागे घेतलेला नाही.

1990 मध्ये धार्मिक सलोख्याचा कायदा आला. धर्मगुरूनं राजकारणात पाऊल टाकलं तर त्याला गप्प बसवण्याची सोय त्यात आहे. आजवर तसा एकही आदेश काढावा लागलेला नाही, कारण रेघ कुठे आहे ते सगळ्यांना पक्कं समजलं होतं.

त्यानंतर चर्च पुन्हा कामाला लागलं ते सेवेच्या बाजूनं. 1998 मध्ये कॅथलिक महाधर्मप्रांतानं स्थलांतरितांसाठी आयोग नेमला. घरकाम करणाऱ्या बायकांना शिवण-स्वयंपाक शिकवणं, अडलेल्यांना कायद्याचा सल्ला देणं, असं त्याचं काम. याच कामातून आलेल्या ब्रिजेट टॅन यांनी 2004 मध्ये ‘होम’ ही स्वतंत्र संस्था काढली. डॉ. गो वी लिआँग हे ख्रिस्ती डॉक्टर 2006 मध्ये काही सहकाऱ्यांसह ‘हेल्थसर्व्ह’ घेऊन उभे राहिले. त्यांचा दवाखानाही गेलांगमध्येच.

अशा दवाखान्याची गरज का पडते, हे जुरोंग आयलंडवरच्या पाइपजोडणीच्या कामगाराकडे पाहिलं की कळतं. तमिळनाडूतून किंवा बांगलादेशातून तो एजंटाला पैसे देऊन, म्हणजे बहुधा कर्ज काढून येतो. परवाना एका मालकाशी बांधलेला असतो. कामावर हात चिरडला तर नुकसानभरपाईचा दावा करता येतो, पण मालकाशी बिनसलं आणि परवाना रद्द झाला तर निकाल लागेपर्यंत त्याला ‘स्पेशल पास’वर राहावं लागतं आणि त्या पासावर काम करायला बंदी असते. दावा महिनोन्महिने रेंगाळतो, घरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. जेवायचं कुठे, हाच प्रश्न पडतो. म्हणून अशा जखमींसाठी हेल्थसर्व्हनं फुकट जेवणाची सोय केली. नुसत्या मलमपट्टीनं भागलं नसतं.

2020 मध्ये कोरोनानं हे सगळं उघड्यावर आणलं. कामगारांच्या वसतिगृहांत एकेका खोलीत बारा ते वीस माणसं होती. डिसेंबरपर्यंत वसतिगृहांतल्या सुमारे 3,23,000 कामगारांपैकी 47 टक्क्यांना संसर्ग होऊन गेल्याचं सरकारनंच जाहीर केलं. कुलूपबंद वसतिगृहांत जेवण, औषधं आणि फोनवरून समुपदेशन पोहोचवणाऱ्यांत चर्चशी नातं असलेल्या संस्था पुढे होत्या. तेव्हा सरकारनंही त्यांची मदत आनंदानं घेतली.

बेटाच्या धक्क्यांना लागणाऱ्या टँकरांवरचा माणूस तर याहून एकटा. त्याची आठवण चर्चला फार पूर्वी झाली होती. 1835 मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल खाडीकाठी जॉन अ‍ॅशली या धर्मगुरूला त्यांच्या मुलानं विचारलं, समोरच्या बेटांवरची माणसं चर्चला कशी जात असतील? ते होडी घेऊन निघाले आणि अनुकूल वाऱ्याअभावी अडकलेल्या जहाजांवर पोहोचले. त्यातून 1856 मध्ये उभी राहिलेली ‘मिशन टु सीफेअरर्स’ आज सिंगापूरच्या बंदरातही जहाजांवर जाते. कोकणात आणि गोव्यात घरटी एखादा खलाशी निघेल अशी गावं आहेत. कोरोनात जगभरचे सुमारे 4 लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते, तेव्हा त्या घरांना ही भेट म्हणजे काय हे कळलं असेल.

आणि तेल? इथे चर्चची जीभ जड होते. जिनिव्हातल्या जागतिक चर्च परिषदेनं 2014 मध्ये जीवाश्म इंधनांत पैसे न गुंतवण्याचं ठरवलं. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या रक्षणावर परिपत्रक काढलं, त्याचं नाव असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या स्तोत्रातून घेतलेलं. गंमत अशी की जुरोंगचं कॅथलिक चर्चही याच संताच्या नावाचं आहे. पण ज्या शहरात 2020 च्या जनगणनेत पंधरा वर्षं आणि त्यावरचे 18.9 टक्के रहिवासी ख्रिस्ती होते, तिथल्या प्रार्थनेला येणाऱ्या कित्येकांचा पगार याच बेटावरून येतो. रिफायनरीविरुद्ध व्यासपीठावरून बोलणं सोपं कसं असेल?

वसईत मात्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो बोलले होते. बिल्डर आणि राजकारणी यांच्याविरुद्ध हरित वसईची चळवळ त्यांनी उभी केली, धमक्या सोसल्या, मोर्चे काढले. जुलै 2024 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. पण वसईच्या फादरांमागे स्वतःच्या वाड्या वाचवायला निघालेले मतदार होते. जुरोंगच्या मजुराला ना मत आहे, ना तिथे कायमचं घर. त्याच्यासाठी बोलणाऱ्या चर्चला फक्त स्वतःच्या बळावर बोलावं लागतं.

दिब्रिटो गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 12 सप्टेंबर 2024 ला, पोप फ्रान्सिस सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात सरकारी पाहुण्यांसमोर बोलले. देशाच्या प्रगतीचं आणि पर्यावरणाच्या प्रयत्नांचं कौतुक केलं आणि त्याच भाषणात स्थलांतरित कामगारांना न्याय्य वेतन मिळायला हवं, असंही सांगितलं. 1987 मध्ये ज्या विषयापाशी फादरांची वाचा बसली होती, तो यजमानांसमोर उघडपणे मांडला गेला. सिंगापुरात सरसकट किमान वेतनाचा कायदा नाही. कमी पगारवाल्यांसाठी टप्प्याटप्प्यानं वाढणारी जी वेतनपद्धत आहे, ती नागरिक आणि कायम रहिवाशांपुरती आहे. वर्क परमिटवर पूल ओलांडून जाणारा माणूस तिच्यात बसत नाही.