भुलीचं औषध आणि घरी आलेला निळा ड्रम

दाढ काढायला गेलं की डॉक्टर हिरडीत सुई टोचतात आणि थोड्या वेळात गाल जड होतो. बाळंतपणात टाके घालताना बहुतेक वेळा हेच औषध टोचतात. त्याचं नाव लिग्नोकेन. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते प्रथम तयार केलं. औषध गुणाचं, पण ते ज्या मालापासून होतं तो माल फार जपून हाताळावा लागतो. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधी मालाचे कारखाने आहेत, आपल्या घरातली माणसं तिथे कामाला जातात, म्हणून आज हे बोलायचं.

या औषधाच्या कच्च्या मालात झायलिडीन नावाचं एक तेलकट द्रव्य असतं. अंगावर सांडलं तर आग होईलच असं नाही, आणि खरा घात तिथेच आहे. ते कातडीतून आत शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. ओठ, नखं निळसर दिसतात, डोकं दुखतं, चक्कर येते, धाप लागते. कधी हे काही तासांनी, माणूस घरी आल्यावर दिसतं. संध्याकाळी दारू घेतली तर त्रास आणखी वाढतो. आणि घरचे म्हणतात, प्यायलाय म्हणून असं होतंय! ओठ निळे दिसले तर झोपू देऊ नका, १०८ला फोन करा, आणि डॉक्टरांना सांगा की हा रसायनाच्या कारखान्यात आहे, अमुक मालावर काम करतो. यावर दवाखान्यात उपचार आहेत, पण कारण कळलं तरच ते वेळेवर होतात. म्हणून कामावर हाताळलेल्या मालाचं नाव घरात माहीत हवं. पिंपावरच्या लेबलावर ते असतं.

दुसरा एक द्रव असा की ओल लागली की त्यातून आम्लाचा धूर निघतो. तो जमिनीवर सांडला तर पाण्याचा पाइप मारायचा नाही. पण अंगावर, डोळ्यांत उडाला तर उलट: कपडे लगेच उतरवायचे आणि निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं. थोडं पाणी शिंपडून भागत नाही.

पॅकिंगला बसणाऱ्या बायांनी एक खूण ध्यानात ठेवावी. भुकटी भरताना ओठ किंवा जीभ बधिर वाटू लागली, तर मास्क नीट बसत नाही आणि औषध पोटात जातंय. गंमत म्हणून हसण्यावारी नेऊ नका, सुपरवायझरला सांगा. अशी भुकटी जास्त गेली तर झटके येऊ शकतात. साधे सुती हातमोजेही उपयोगाचे नाहीत, ते द्रव शोषून कातडीलाच चिकटवून ठेवतात.

आता ड्रमाचं. भंगारवाल्याकडे निळे ड्रम स्वस्त मिळतात. पाणीटंचाईत आमच्या शेजारच्या वहिनींनीही एक आणला होता, साबणाने तीनदा धुतला, तरी वास जाईना. जाणारच नाही, कारण प्लास्टिक रसायन शोषून घेतं. असा ड्रम पाण्याला, धान्याला, लोणच्याला वापरू नका. आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका, लहान लेकराच्या दुपट्यात तर अजिबात नाही.

कारखान्याबाहेरचा धोका आपण पाहिलेलाच आहे. २०१४च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात वडोल गावाजवळ वालधुनीत टँकरमधलं रसायन सोडलं गेलं आणि शेकडो माणसं दवाखान्यात गेली. ३ जून २०२१च्या रात्री बदलापूरजवळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून वायू सुटला, लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास घ्यायला त्रास झाला. असा वास आला तर आधी वारा कुठून येतोय ते पाहा आणि त्याला आडवं, बाजूला निघा, वाऱ्याबरोबर पळू नका. नाकावर ओला पदर धरा. बरेचसे वायू जड असतात आणि खाली साठतात, म्हणून लेकरांना कडेवर घ्या, नाल्याच्या उताराला जाऊ नका. गॅस पेटवू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. दूर पोचल्यावर १०१ किंवा ११२ला फोन लावा.